उरलेली मिनिटं

काल सकाळी माझी अंघोळ साडेनऊ मिनिटांत झाली. बंडी घालून, केस विंचरून मी कॉटवर येऊन बसलो तेव्हा सात-एकोणतीस झाले होते, आणि चहा पावणेआठच्या आत कधी येत नाही. एरवी मी न्हाणीतून बाहेर पडतो तेव्हा चहाच्या गाडीची चाकं जिन्यापाशी वाजायला लागलेली असतात. काल काहीच वाजत नव्हतं. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलो. अंग स्वच्छ होतं, मानेला पावडर होती, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. खिडकीतून मोशीचा रस्ता दिसतो. चाकणकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक जात होत्या आणि काचांना डोकी टेकवून झोपलेली माणसं दिसत होती. उशाशी पुस्तक होतं. खुणेची चिठ्ठी बाहेर डोकावत होती. मी ते उघडलं नाही. सोळा मिनिटं माझ्यासमोर कुणीतरी टेबलावर ठेवून निघून जावं तशी पडली होती, आणि मला एकदम भीती वाटली. कशाची, ते मला लगेच सांगता आलं नसतं. माझ्या बाबतीत भीती आधी येते आणि कारण मागाहून, कधीकधी वीस-पंचवीस वर्षांनी.

घड्याळ माझंच होतं. ते मीच साबणाच्या कोनाड्यात ठेवलं होतं. चिंचवडच्या कंपनीत मी एकतीस वर्षं टाइम स्टडीत होतो. माणूस मशिनवर काम करत असताना त्याच्या पाठीमागे फळी आणि घड्याळ घेऊन उभं राहायचं, कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची वेळ लिहायची, आणि शेवटी एका नगाला किती वेळ लागायला हवा तो आकडा काढायचा. त्याहून लवकर नग काढणाऱ्याला वर बोनस मिळे. कामगार आम्हाला घड्याळखातं म्हणत. कुणाच्या पाठीमागे उभं राहायला लागणं हे माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला सोयीचं होतं. तोंडाकडे बघावं लागत नसे. निवृत्तीच्या दिवशी घड्याळ परत मागायला कुणाला सुचलं नाही आणि ते द्यायचं मला धैर्य झालं नाही, म्हणून ते माझ्याबरोबर या वृद्धनिवासात आलं. इथं प्रत्येकाला खोली, जेवण आणि ज्याला लागेल त्याला अंघोळीपासून औषधापर्यंत हाताशी माणूस असतं. माझा उजवा खुबा मोडल्यापासून मला लागतं. मैत्रीनं, माझ्या मुलीनं, बंगळूरला जाण्याआधी तीन ठिकाणं बघून हे निवडलं. बाकी दोन ठिकाणी न्हाणीला कडी आतून होती, इथं नाही, एवढंच मला त्या निवडीबद्दल आठवतं.

आठवड्यापूर्वी व्यवस्थापक प्राजक्ता मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं होतं. तिशीची हुशार मुलगी आहे. खुर्ची स्वतः पुढे ओढली तिनं. "काका, तुम्ही तर या विषयातले एक्सपर्ट. मला एक मदत करा. एका अंघोळीला किती वेळ लागायला हवा, एवढंच मला काढून द्या." दोन मजल्यांवर तेरा माणसं आहेत, दोन बाया आहेत. वरच्या मजल्यावर अंबुबाई आणि आमच्याकडे तानाबाई. काहींना रोज अंघोळ मिळते, काहींना दिवसाआड, आणि ज्यांना दिवसाआड मिळते त्यांच्या मुलांचे फोन येतात. "मला सगळे तेराजण रोज नऊच्या आत स्वच्छ हवेत," ती म्हणाली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वेळ बसली तर एक बाई दोन्ही मजले सांभाळील आणि अंबुबाईला तळेगावच्या नव्या इमारतीत हलवता येईल, हेही तिनं लपवलं नाही. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. अठरा वर्षांत मला कुणी माझ्या कामाचं काही विचारलं नव्हतं.

आता तानाबाईबद्दल. चाकणच्या पलीकडच्या गावातली आहे, पन्नाशीची. जमीन एका कारखान्याखाली गेली, मुलगा आणि सून दोघं कंपनीत शिफ्टला जातात. पहिल्या दिवशी मी स्टुलावर मांडीवर पंचा घेऊन आवळून बसलो होतो. परक्या बाईसमोर उघडं बसायचं, या विचारानं मी आदल्या दिवशी जेवलो नव्हतो. ती आली, माझ्याकडे बघितलंच नाही, तांब्यातलं पाणी आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूवर घेतलं आणि मग खाली बसून माझ्या पायाला हात लावला. "पायापास्नं सुरू करते काका. म्हंजी अंगाला कळतं, पानी येतंय ते." माझ्या आईचं माहेर खेड तालुक्यातलं. लहानपणी तिथं गेलो की आम्ही विहिरीपासून लांब, ओंजळ करून उभं राहायचो आणि पाणी वरून यायचं. देणाऱ्या बाईचा चेहरा कधी दिसायचा नाही, वर आभाळ असायचं आणि पाण्याची धार. अंगावर उडणारं पाणी मला अजून त्या उंचीवरून मोजता येतं. तानाबाईनं माझ्या टेबलावरची बुद्धाची तसबीर पहिल्याच दिवशी फडक्यानं पुसून नीट ठेवली होती, तेव्हा तिला सगळं कळलेलं असणार. तिनं माझ्या पायाची बोटं एकेक वेगळी करून मधली जागा धुतली, आणि मी भिंतीवरच्या फरशा मोजत राहिलो, कारण डोळ्यांत काहीतरी व्हायला लागलं होतं.

हे सगळं काल झालं नाही. काल तिनं तांब्या बाजूला सारला आणि नळीचा फवारा घेतला. पाणी डोक्यावरून आलं. मी दचकलो तर म्हणाली, "न्हाई न्हाई, हलू नका काका, टाइम चाललाय." पाठ, बगला, पाय, सगळं पाणी वरून. टाचेला वजरी लागली नाही. पंच्यानं पुसताना तिचा श्वास फुललेला होता. "किती झालं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. बाई खूश झाली. "माज्या सोनलला बी कंपनीत असंच घड्याळ लावत्यात. पयली आली व्हती लाइनीत. मी तिची सासू हाय म्हनावं!"

माझ्या खोलीतला दुसरा माणूस दादू. तोही आमच्याच कंपनीतला, प्रेस शॉपचा, मावळातला. तो हे सगळं कॉटवरून ऐकत होता आणि हसून हसून त्याला खोकला लागला. "आरं साहेबा, ती बाई भोळी हाय. तिला कुनी सांगितलंच न्हाई. तू फळी घिऊन आलास की आमी काय करायचो? हात आखडायचो! एक नग उचलायचा, खाली ठिवायचा, कपाळ पुसायचं. घड्याळ गेलं की सुटायचो. तुज्या आकड्यावर आमी पोरांची लग्नं केली राव." मला हे तेव्हाही माहीत होतं. प्रत्येकाला माहीत असायचं. आम्ही म्हणूनच त्यांचा खरा वेग अंदाजानं धरून आकडा खाली ओढायचो आणि ते म्हणूनच आणखी हळू व्हायचे. एकतीस वर्षं आम्ही एकमेकांची अशी पाठीमागून ओळख ठेवून होतो. पण घड्याळ बघून कुणी जोर लावल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं. तानाबाईला ती परीक्षा वाटली होती. आणि हा आकडा मी मॅडमना दिला की रोजच्या तेरा अंघोळी तिच्या अंगावर पडणार, साडेनऊ मिनिटांची एक, आणि अंबुबाई तळेगावला. पाणी सगळ्यांनाच वरून येणार. तिला पहिला नंबर मिळणार होता आणि त्या नंबरात ती स्वतः कुठेच उरणार नव्हती.

"मग खोटा आकडा दे," दादू म्हणाला. "तुला काय जड हाय? तीस लिही." मला ते जमणार नव्हतं. हा माझा सद्गुण नव्हे. खोटं लिहायला एक प्रकारचा मोकळेपणा लागतो, तो माझ्यात नाही. शिवाय मला स्वतःचीच शंका येत होती. मला तानाबाईची काळजी होती, की माझ्या बोटांमधली जागा धुणाऱ्या त्या हातांची सवय सुटत नव्हती? दुपारभर मी हेच उलटसुलट करत होतो. आणि त्या उरलेल्या सोळा मिनिटांची भीती पुनःपुन्हा येऊन माझ्या शेजारी बसत होती, आणि संध्याकाळी, बाहेर चाकणहून परतणाऱ्या गाड्या लागल्या असताना, तिचं कारण मला सापडलं.

सोजर. माझी बायको. तिला डाव्या अंगाचा झटका आला तेव्हा आम्ही यमुनानगरला राहत होतो. मैत्री बारावीत होती. पहिल्या पाळीला सहा-पंचवीसची बस मला कोपऱ्यावर धरावी लागे, आणि त्याआधी सोजरची अंघोळ. तिला दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. सुरुवातीला एकोणीस मिनिटं लागत. मी बस चुकवायला लागलो. मग एका रविवारी मी बसलो आणि तिच्या अंघोळीचे तुकडे पाडले. गरम पाण्याची बादली उजवीकडे घेतली, टॉवेल खुंटीवरून माझ्या खांद्यावर आणला, स्टूल भिंतीला लावलं, म्हणजे तिला टेकवून माझा एक हात मोकळा राहील. साबण दोरीला बांधून गळ्यात अडकवला. महिन्याभरात मी अकरा मिनिटांवर आलो. मला इतका अभिमान वाटला की मी तिला तो आकडा सांगितला. ती टॉवेलमध्ये गुंडाळून बसली होती, ओले केस कपाळावर, अर्धं तोंड हसत होतं, अर्धं हलत नव्हतं. म्हणाली, "अहो, मग उरलेल्या वेळात काय करणार?"

तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं, जरा वाट बघत. मी डबा घेतला, पुस्तक काखेत मारलं आणि बसथांब्यावर जाऊन उभा राहिलो. आठ मिनिटं आधी. दिव्याच्या खांबाखाली मी पुस्तक उघडलं आणि आठ पानं वाचली. दुसऱ्या दिवशीही. दोन वर्षं मी रोज आठ मिनिटं त्या खांबाखाली उभा होतो. पुष्कळ चांगली पुस्तकं वाचून झाली. ती तिकडे न्हाऊन, वेणी न घातलेल्या केसांनी खिडकीशी बसलेली असायची, मैत्री उठेपर्यंत. तिथून खांब दिसायचा की नाही, हे मी कधी विचारलं नाही. तिला वेणी आवडायची. लग्न झालं तेव्हा कमरेखाली यायची. दापोडीच्या आमच्या एका खोलीत ती दारात बसून केस वाळवायची आणि येणारी-जाणारी बाई थांबून दोन शब्द बोलायची. मी आत पुस्तक घेऊन बसलेला असायचो आणि पान उलटायचं विसरायचो. वेणीला किती वेळ लागतो, ते मी कधी मोजलं नाही.

आज सकाळी मी दादूला म्हणालो, "घड्याळ तू धर. बाहेर खुर्ची टाकून बस. आत आणू नकोस." त्याला हे फार आवडलं. "साहेबाच्या अंघोळीला मी घड्याळ लावनार! अरं हे युनियनला कळवाय पायजे." आणि मग दाराबाहेरून, "तानाबाई, हात आखड गं! कपाळ पूस मदनंमदनं!"

"गप बसा दादूबाबा," तानाबाई आतून म्हणाली, "न्हाईतर तुमास्नी गार पान्यानं घालीन."

मी तिला म्हटलं, "कालचं माप धरायचं नाही. तू रोज घालतेस तशी घाल."

"व्हय काका," ती म्हणाली, आणि फवाऱ्याकडे हात नेला.

मी तांब्याकडे बोट दाखवलं. तिनं तांब्या घेतला, पण हात कालचेच होते. एकदा घड्याळ अंगात गेलं की ते सहज निघत नाही, हे मी लोकांच्या पाठींवर पाहिलेलं आहे. पाणी भराभर येत होतं, साबण पोचायच्या आत वाहून जात होता. तिला 'हळू' म्हणण्यात अर्थ नव्हता. हळू हे सांगून होणारं काम नाही. रोज ती बोलायची आणि मी हूं हूं करायचो. कांद्याचा भाव, सुनेचा ओव्हरटाइम, भावकीतली भांडणं. त्या बोलण्यानंच तिचा हात चालायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आज ती बोलत नव्हती. म्हणजे मला बोलावं लागणार होतं. मी समोरच्या फरशीकडे बघत म्हणालो, "तानाबाई, मी माझ्या बायकोला दोन वर्षं अंघोळ घातली."

तिचा हात थांबला नाही, पण मंदावला. "तुमी सोता?"

"मी स्वतः. डावं अंग गेलं होतं तिचं."

"आन् पायापास्नं घालायचा का डोक्यावरनं?"

हे कुणी मला विचारील असं वाटलं नव्हतं. मी आठवून पाहिलं. "डोक्यावरून," मी म्हणालो. "लवकर व्हायचं."

"व्हय, लवकर व्हतं," ती म्हणाली. त्यात दोष देणं नव्हतं. तिनं कोपराच्या आत पाणी घेऊन बघितलं आणि खाली बसली. मग मी सगळं सांगितलं. गळ्यातला साबण सांगितला तेव्हा ती हसली, "आगं बया, घंटेवानी!" बाहेर दादूही हसला. अकरा मिनिटांचं सांगितलं. खांबाचं सांगितलं. सोजरनं जे विचारलं होतं ते सांगितलं. वजरी टाचेवरून फिरत होती, एकाच जागी, कितीतरी वेळ. मग तानाबाई म्हणाली, "केस कोन विंचरायचं त्यांचं?"

"मुलगी. कॉलेजला जायच्या आधी, जमलं तर."

"जमलं तर," ती म्हणाली आणि माझी बोटं एकेक करून पुसायला लागली.

"सव्वीस!" दादू बाहेरून ओरडला. "सव्वीस आन् वर थोडं. पानी थंड झालं आसंल साहेब!"

झालं होतं. मला कळलं नव्हतं.

मी चहा न घेता कागद तयार केला. सगळे तुकडे लिहिले: पाणी बघणे, पाय, पाठ, टाच, पुसणे. 'बोलणे' कुठे लिहायचं यावर अडलो. आमच्या पद्धतीत ते कामाबाहेर, वाया गेलेला वेळ. पण ते वेगळं काढायला गेलो की दुसऱ्या तुकड्यांच्या वेळा जुळेनात, कारण त्याच वेळात हातही चालू होता. शेवटी मी ते वेगळं काढलंच नाही. प्रत्येक ओळीत ते राहू दिलं. कालची नोंदही खाली लिहिली. लपवावीशी वाटली नाही. दादू म्हणाला, "जा. तू आलास की मग मी बसतो स्टुलावर," पण तेवढ्यात तानाबाईनं त्याला दंडाला धरून उठवलं.

प्राजक्ता मॅडमनी कागद दोनदा वाचला. "काका, सव्वीस? काल तर साडेनऊत झालं."

"काल ती परीक्षा देत होती."

"पण तुम्ही स्वच्छ झाला होता ना?"

"झालो होतो."

"मग?" तिनं खरंच विचारलं होतं. पेन हातात धरून, जरा वाट बघत. तशी वाट बघताना मी एकाच बाईला पाहिलं होतं. आणि मी सोजरचंच वाक्य म्हणालो.

"मॅडम, उरलेल्या वेळात काय करायचं?"

"अहो, पेपर येतो आपल्याकडे. खाली टीव्ही आहे. तुमची तर पुस्तकं आहेत…" ती बोलता बोलता थांबली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. मला कधी चेहरा सांभाळता आला नाही. तिनं कागद पुन्हा जवळ ओढला. "सव्वीस धरलं तर मला दोघी लागतात. दोघींतही रोज सगळे बसत नाहीत."

"नाही बसत," मी म्हणालो. "तिसरी लागेल."

हे बोलून मीच घाबरलो. ती हसली, दमल्यासारखी. "अंबुबाईला थांबवते. तिसरीचं मला वर विचारावं लागेल. ते नाही म्हणतील, काका."

"विचारा," मी म्हणालो. अंबुबाई थांबली तरी वरच्या मजल्यावर कुणीतरी आजही बिनअंघोळीचा बसणार होता, हे मला माहीत होतं, आणि त्याचा कागद माझ्याकडे नव्हता.

परत आलो तेव्हा खोली रिकामी होती. चहा झाकून ठेवलेला, निवलेला. न्हाणीचं दार लोटलेलं होतं आणि आत दादू प्रेस शॉपची काहीतरी गोष्ट सांगत होता, अर्धी खोटी असणार, आणि तानाबाई मधेमधे "खरं का काय?" म्हणत होती. घड्याळ त्यानं माझ्या उशीवर ठेवलं होतं. काटा अजून फिरत होता. बंद करायला तो विसरला होता. मी ते उचललं, बंद केलं आणि खणात ठेवलं. मग सवयीनं पुस्तक काखेत मारून दाराबाहेरच्या खुर्चीत येऊन बसलो. रस्त्यावरून पहिल्या पाळीची उशिराची एक बस गेली. पुस्तक काखेतच राहिलं. आत तांब्या बादलीच्या काठाला लागला, आणि पाणी खालून, पायांपासून सुरू झालं.